भट्टीतली नवरी

बस थांबली म्हणून स्मारांदा उतरली, नुसतं पाणी प्यायला. रोमानियातल्या बुकोविना भागातल्या त्या गावात धुकं एवढं दाट, की रस्त्याकडेची काळी मडकी आधी दिसली आणि त्यांच्यामागचा कुंभार, इलारिये, नंतर.

"रंगवता का ही?"

"छे! भट्टी तापली की सगळी तोंडं चिखलानं लिंपतो. आत हवा नाही... मडकी आपोआप काळी." तो हसला आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

हवा नाही! यासी शहरातल्या प्रयोगशाळेत ती नेमकं हेच शोधत होती. तिनं पिशवीतून कथिलाच्या ऑक्साइडच्या पांढऱ्या टिकल्या काढल्या. "या भाजून द्याल? यांच्यातला थोडा ऑक्सिजन निघून गेला, की आत रिकाम्या जागा पडतात. मग वीज सहज वाहते, आणि विषारी वायूची चाहूलही चटकन लागते."

"म्हणजे आतून काहीतरी गेल्याशिवाय चाहूल लागत नाही?"

"असंच काहीसं," ती म्हणाली आणि उगाचच लाजली.

टिकल्या राखाडी होऊन आल्या. पण पुढचे तीन रविवार बाईंना त्याच गावात काम निघत राहिलं. आता बोला!

तिसऱ्या रविवारी त्यानं सांगितलं, "भट्टीत एक नवरी राहते. लिंपलेल्या भट्टीपाशी एकट्या बसलेल्याला बोलावते. माझे बाबा तसेच गेले... गाल गुलाबी, ओठांवर हसू. हल्ली मलाही बोलावते."

"मग जाणार वाटतं?"

"दुसरं कोण बोलावतंय मला?"

त्या रात्री तिला झोप लागली नाही.

चौथ्या रविवारी, टिकली बसवलेलं यंत्र त्याला दाखवायला ती भर दुपारी आली. थंडीमुळे भट्टीघराचं दार बंद होतं. ते ढकलून ती आत शिरली. इलारिये भट्टीला टेकून बसला होता. गाल गुलाबी, ओठांवर हसू... धूर नाही, वास नाही. झोपलाय बिचारा, असं तिला वाटलं, आणि हातातल्या यंत्रावरचा विजेच्या रोधाचा आकडा धाडकन कोसळला. विषारी वायू!

"इलारिये! ऊठ!"

त्याला काखेत धरून तिनं फरफटत बाहेर धुक्यात आणलं. त्यानं श्वास घेतला, तेव्हा कुठे ती रडली.

"नवरीबिवरी काही नाही रे. लिंपणाला चीर गेलीय, तिथून बिनवासाचा विषारी वायू येतो. गाल गुलाबी होतात ते त्यानंच. बाबांनाही त्यानंच नेलं."

तो ताडकन उठला, धडपडला, तिचा हात धरून चालू लागला. "आईला सांगायला हवं. ते हसत त्या नवरीकडे गेले म्हणून सतरा वर्षं ती त्यांच्या थडग्यावर गेली नाहीये!"

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "मग ते हसत होते कुणाला बघून?"

 

"मी सांगतो," इलारिये म्हणाला. "मला ही दिसली, आई... दारातून आत येताना. माझ्याजवळ बसली, हात हातात घेतला. तेव्हा ही अजून बसमध्येच असेल." त्यानं स्मारांदाकडे पाहिलं. "मला तूच हवी आहेस. बाबांनाही आपलंच माणूस दिसलं असणार, आई. तू."

 आईनं डोक्याला रुमाल बांधला, फडताळातून मेणबत्ती घेतली आणि दफनभूमीची वाट धरली.