धुळीआडचे तारे

"मावशी, इथले तारे गेले कुठे?"

केतकीने पडद्यावर बोट ठेवलं. आकाशगंगेच्या नकाशात सगळीकडे ताऱ्यांची दाटी, मधेच मात्र एक काळा डाग.

साल होतं २०५८. साताऱ्याजवळच्या पठारावर बसून केतकीची मावशी, डॉ. हेमांगी बर्वे, अवकाशातली एक दुर्बीण चालवत असे. दुर्बिणीला गार ठेवणारा द्रवरूप हेलियम आज दुपारी संपणार होता, आणि तो संपला की दुर्बीण निकामी होणार होती. उरलेली शेवटची वीस मिनिटं मावशीने एका ताऱ्यासाठी राखून ठेवली होती. त्याचा ती आठ वर्षं अभ्यास करत होती.

"ती जागा रिकामी आहे," मावशीचा यंत्रमानव टिकू म्हणाला.

"मग डागाच्या कडेचे तारे एवढे लालसर का?"

मावशी चमकून पुढे वाकली. "खाणीच्या रस्त्यावरून ट्रक गेला, की धुरळ्यातून सूर्य कसा दिसतो?"

"तांबूस."

"कारण बारीक धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, लाल कमी. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीतही अशी धूळ असते (आंतरतारकीय धूळ)."

"म्हणजे डागात धूळच दाट असेल! आणि आपली दुर्बीण तर अवरक्त किरण (लाल रंगापलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे किरण) टिपते. ते लालपेक्षाही कमी अडतील ना?"

"हो, कमीच अडतील. पण मागे काही नसलं तर?"

"तर काही नाही, हे तरी कळेल."

मावशीने घड्याळ पाहिलं, एक मोठा श्वास घेतला. "टिकू, दुर्बीण तिकडे वळव."

सतराव्या मिनिटाला चित्र उमटलं. लाखो ठिपक्यांचा एक गोळा, मधोमध गच्च, कडेला विरळ होत गेलेला. केतकी पडद्याला नाक लागेल इतकी पुढे सरकली.

"बंदिस्त तारकागुच्छ!" मावशी हलकेच म्हणाली. "गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेले लाखो तारे. असे गुच्छ हजार-बाराशे कोटी वर्षांचे असतात. हा कुठल्याच यादीत नाही, केतकी."

"चूक माझी," टिकू म्हणाला. "दिसले तेवढेच मी मोजले."

"तुझा तारा मात्र राहिला गं, मावशी."

"राहू दे. पुढच्या दुर्बिणीने बघेन. ती तयार होतेय, आणि तिला असे कितीतरी डाग शोधायचेत."

केतकी त्या गोळ्याकडे बघत राहिली. "तिथे कुणी राहत असेल, तर धुळीमुळे त्यांनाही आपला सूर्य दिसत नसेल."

"त्यांनी अवरक्त दुर्बीण बनवली नसेल तर!" मावशी हसून म्हणाली.