चढाला एक ठिपका

या, असे जवळ येऊन बसा. मागच्यांनी थोडं पुढे सरका, पुढच्यांनी थोडी जागा करा. आज गोष्ट सांगते ती प्रेमाची. तिच्यात राजा नाही की राक्षस नाही. एक पोरगी आहे, एक सायकल आहे आणि एक डोंगर आहे. आणि देव कुठे आहे म्हणाल, तर तो चढावर भेटेल. उतारावर त्याची आठवण कुणाला येते?

तर त्या पोरीला सगळे ठिपकेवाली म्हणत. तिचं कामच तसं होतं. हौशी सायकलवाल्यांचं एक मंडळ होतं आणि तिचे सख्खे मामा त्याचे अध्यक्ष. मोटारींची वर्दळ नाही असे रानातले, डोंगरातले रस्ते शोधायचे आणि त्यांच्यावर पाट्या लावायच्या, हे काम मामांनी भाचीला दिलं होतं. पाटीवर एक बाण, बाणाखाली ठिपके. एक ठिपका म्हणजे गप्पा मारत जा. दोन म्हणजे गप्पा बंद. तीन म्हणजे उतरा आणि ढकला, लाजू नका.

हे ठिपके यंत्राने मोजून ठरत नसत. "यंत्र चढ सांगतं, कष्ट सांगत नाही," असं मामांचं म्हणणं. म्हणून आधी कोरी पाटी ठोकून यायचं, मग त्या रस्त्याने जाता-येता पुन्हा पुन्हा सायकल चालवायची, आणि आपल्या पायांनी काय ते खरं सांगितलं की मगच रंगाचा डबा उघडायचा.

त्या सकाळी रानात धुकं इतकं खाली उतरलं होतं की झाडांचे नुसते बुंधे दिसत होते. पानापानांवरून थेंब गळत होते... टप्... टप्. वळणामागून वळण चढून ती खिंडीत पोचली तेव्हा तिचे पाय लटलट कापत होते. "तीन ठिपके," ती स्वतःशीच म्हणाली, "चार असते तर चार दिले असते!" समोर एक बुंधा दिसला. तिने कोरी पाटी धरली आणि हातोडीने खिळा ठोकायला घेतला.

"अहो! अहो बाई... ते माझं दार आहे!"

ती दचकली. धुक्यातून एक तरुण पुढे आला. बाह्या वर सरसावलेल्या, आणि कानावर पेन्सिल खोचावी तसा सायकलचा एक स्पोक खोचलेला.

"दार? मला वाटलं झाड आहे."

"होतं. मी त्याचा दाराला खांब केला. तुम्ही आता त्याची पाटी करताय."

तिला हसू आलं, पण ते तिने ओठांतच दाबलं. "काढते. माफ करा हं."

"राहू द्या. दाराला पाटी असली की माणूस मोठा वाटतो. पण... ही तर कोरी आहे."

"ठिपके नंतर. त्याआधी या रस्त्याने पुन्हा सायकल चालवून बघावी लागते."

"म्हणजे तुम्हाला पुन्हा यावं लागणार?"

"तसा नियम आहे."

"नियम चांगला आहे," तो म्हणाला, आणि उगाचच खाली वाकून तिच्या सायकलकडे पाहू लागला. "तुमचं मागचं चाक बदकासारखं चालतंय, ठाऊक आहे?"

तो चाकवाला होता. लांबच्या प्रवासाच्या सायकलींची चाकं हाताने बांधायचा. त्याची कार्यशाळा म्हणजे एकच खोली. भिंतीवर टांगलेल्या रिकाम्या धावा, म्हणजे चाकांच्या नुसत्या गोल कडा, खिडकीशी एक लाकडी बाक, आणि तेलाचा नि ओल्या लाकडाचा मिसळलेला वास. त्याने तिचं चाक चौकटीत बसवलं आणि एकेक स्पोक बोटाने छेडू लागला. टिंग... टिंग... बुवा कीर्तनाला उभे राहण्याआधी तंबोरा लावतात ना, अगदी तसा कान लावून. ती चहाचा पेला हातात धरून बघत राहिली. चहा निवला तरी तिला कळलं नाही.

"झालं," तो शेवटी म्हणाला. "एक स्पोक तेवढा अजून बेसूर आहे. चालेल तसा. पण... पुढच्या वेळी बघू."

पुढच्या वेळी तो स्पोक पुन्हा बेसूर निघाला. त्याच्या पुढच्या वेळीही.

आणि ठिपकेवालीची तर कारणं काय एकेक! आज वारा समोरून होता, आजचं धरता येणार नाही. आज पोटभर जेवून निघाले, पाय खरं सांगत नाहीत. मामा विचारायचे, "अगं, एका रस्त्याला किती खेपा?" तर म्हणायची, "मामा, घाईने दिलेला ठिपका लोकांना नडतो." मामा कौतुकाने मान डोलवायचे. भोळा जीव!

एका दुपारी ती वर गेली तेव्हा भिंतीवरच्या धावा खाली काढून बांधून ठेवल्या होत्या.

"शहरातल्या कारखान्यातून बोलावणं आलंय," चाकवाला म्हणाला. "इथे कोण येतं? एवढा चढ चढून चाक घ्यायला कुणी वेडं आहे का? रविवारी दुपारी टेम्पो येईल."

"मग... जाताय?"

"इथे थांबायला काही कारण असतं तर—" तो थांबला. तिच्याकडे बघत राहिला.

आता बोलायचं की नाही? पण बोलली ती भलतंच. "चाकं काय... कुठेही बांधता येतात," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून तिने रंगाचा डबा उघडला. खांबावरच्या पाटीवर, खाली उतरण्याच्या बाणाखाली, एकामागून एक ठिपके दिले. एक. दोन. तीन.

"उताराला तीन?" त्याने विचारलं.

"जड जातो."

"ब्रेक दाबून दाबून का?"

"हो... ब्रेक दाबून."

मग ती तो उतार उतरली, आणि पायथ्याला वर चढणाऱ्यांसाठी जी कोरी पाटी तिने आधीच ठोकली होती तिच्यासमोर उभी राहिली. पायांना विचारलं, काय रे, कसा आहे चढ? पाय म्हणाले, कसला चढ? तिने प्रामाणिकपणे एक ठिपका दिला.

रविवारी सकाळी रस्त्याचं उद्घाटन. मामांच्या मागे मंडळाची सगळी मंडळी, मामीसुद्धा. ठिपकेवाली सगळ्यांच्या आधी, एकटीच वर पोचली. दारात खोकी रचलेली होती. चाकवाला दोरी बांधत होता. पाखरं तेवढी बोलत होती.

तेवढ्यात वळणावरून धापा ऐकू आल्या. आधी मामांचं पोट दिसलं, मग मामा, मागून ढकलत आणलेली सायकल, आणि तिच्यामागे मामी नि मंडळी.

"कुठाय... कुठाय ती?" मामा खांबाला धरून उभे राहिले. "माझ्या सख्ख्या बहिणीच्या पोटी जन्मून... मलाच मारायला निघालीस? एक ठिपका! गप्पा मारत जा म्हणे! अगं, गप्पा राहू देत, मला वाटेत देवाचं नावसुद्धा... अर्धंच घेता आलं!"

"मामा, मला खरंच... चढ लागला नाही."

"लागला नाही? मामीने अर्ध्या वाटेत माहेरी जायची धमकी दिली!" मामांनी घाम पुसायला मान वर केली आणि त्यांना खांबावरची पाटी दिसली. "आणि हे गं काय? उताराला तीन? येताना चढ सोपा आणि जाताना उतार अवघड! पोरी, जगात असा डोंगर कुठे आहे का?"

ठिपकेवालीने पाटीकडे पाहिलं आणि ती कानापर्यंत लाल झाली. तिचं तिलाही आत्ता, या घटकेला कळत होतं. मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग चाकवाल्याकडे. मग बांधलेल्या खोक्यांकडे.

"...आहे वाटतं," मामा हळूच म्हणाले, आणि एका खोक्यावर बसले.

चाकवाल्याच्या हातातली दोरी गळून पडली. "पायथ्याला... एक ठिपका दिलात?"

"हो."

"आणि हे ब्रेक दाबून जड जातं म्हणालात, ते?"

"खोटं बोलले."

"मग खरं काय?"

तिने एकदा डोळे मिटले. चढाच्या शेवटच्या वळणावर घेतात तसा खोल श्वास घेतला. "खरं हे की इथून जाताना पाय निघत नाहीत. आणि... तू जाऊ नकोस."

त्याच्या चेहऱ्यावर उन्हाची तिरीप आली, की त्याचंच हसू होतं ते, कोण जाणे. "मलाही एक सांगायचंय. तुझा तो बेसूर स्पोक... मीच दरवेळी पाव फेरा सैल ठेवायचो. तू पुन्हा यावीस म्हणून."

"अरे चोरा!" मामा ओरडले. "माझ्या भाचीचं चाक!"

"मामा, चाकाला काही धोका नव्हता, खरंच—"

"चाकाला नव्हता रे. मला होता! तुमच्या प्रेमाचा चढ मी चढलोय!" आणि मामा असे हसले की खालचं खोकं करकरलं. मामीने पदराने डोळे पुसले आणि माहेरी जायचं रद्द केल्याचं जाहीर केलं.

दुपारी टेम्पो आला, तो रिकामाच परत गेला. नाही, रिकामा नव्हे. मामा त्यात बसून खाली उतरले.

पण काम ते काम. दुसऱ्या दिवशी ठिपकेवालीने पायथ्याच्या पाटीवर नीट तीन ठिपके दिले, आणि वरची पाटी पुसून तिथे एकच ठेवला. चाकवाला रंगाचा डबा धरून उभा होता. "आणि आता तुझे पाय काय म्हणतात?" त्याने विचारलं. ती ब्रश पुसत म्हणाली, "त्यांना विचारायचं कारणच उरलं नाही. मी राहायलाच येतेय." लग्नही त्याच दारात लागलं. आता त्या खिंडीत चाकं घ्यायला लांबलांबून लोक येतात, धापा टाकत येतात, आणि खिडकीशी बाकावर बसून निवलेला चहा पितात.

मामा पुढे बरीच वर्षं दर रविवारी वर यायचे, सायकल ढकलत. म्हणायचे, आज पाऊण नाव झालं, आज जवळजवळ पुरं झालं. आता ते जिथे गेलेत तिथे चढ नाहीत म्हणतात.

तेव्हा बाळांनो, एवढं माझं ऐका. कधी रानातल्या वाटेवर सायकल दामटत असाल, दम तुटेल आणि देवाचं नाव ओठांवर अर्धंच राहील, तर क्षणभर थांबा, सायकलला टेका, आणि त्या जाड्या, भोळ्या मामांची आठवण काढा. श्वास जागेवर आला की उरलेलं अर्धं नाव त्यांच्या वाट्याचं म्हणून घ्या.