बिनलेबलची तबकडी

चहा घ्या आधी. गोष्ट ऐकायला फार धीर लागत नाही, बराचसा भाग हसण्यासारखाच आहे. उरलेल्या भागाचं काय करायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पस्तीस वर्षं मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काचपट्ट्या धुतल्या आणि निवृत्त झाल्यावर लोकांच्या जुन्या रेकॉर्डी धुवायला लागलो. हात तोच, फक्त रक्ताऐवजी गाणी. गेल्या फेब्रुवारीत सदाशिव पेठेतून प्रियदर्शनीताईंचा फोन आला. त्यांचे वडील दत्तप्रसाद दिवाळीनंतर गेले. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. इमारत पाडून नवी बांधायची ठरली होती. ताईंना महिनाअखेरीला वाघोलीच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं होतं, आणि आप्पांच्या तीनेकशे रेकॉर्डींना बुरशी लागलेली.

"वैजनाथकाका, टाकवत नाहीत हो," त्या म्हणाल्या. "आणि अशा अवस्थेत न्यायच्या तर लाज वाटते. आप्पांनी घरात घेतलं नसतं मला."

दुपारी दीडला पोचलो. ताई आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगला बसल्या आणि मी बाहेरच्या खोलीत मांडामांड केली. टबात डिस्टिल्ड वॉटर, त्यात साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, निथळायला ताईंचंच ताटाळं. रेकॉर्ड धुवायची, वाळवायची, थोडी वाजवून बघायची, नव्या पिशवीत घालायची आणि खोक्यात उभी ठेवायची. आडवी कधीच नाही, आडव्या ठेवल्या की वाकतात. वाकलेल्या दोन काचांमध्ये दाबून बाजूला ठेवत होतो.

खोलीत ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. पण कंटाळा मुळीच आला नाही, कारण प्रत्येक कव्हरात आप्पांची एकेक चिठ्ठी निघत होती. एकीवर लिहिलेलं, 'ही रेकॉर्ड मागू नये. मागितल्यास मिळणार नाही. मिळाल्यास ती ही नव्हे.' दुसरीवर, 'गायक उत्तम. तबलजी नात्यातला असावा.' मी एकटाच खो खो हसत होतो. असा माणूस जिवंतपणी भेटायला हवा होता, असं मोठ्यानं म्हणालोसुद्धा.

तीनच्या सुमाराला सगळं शांत झालं. रस्त्यावरच्या स्कूटर थांबल्या, खिडकीतली कबुतरं गप्प झाली. एक रेकॉर्ड वाजून संपली होती आणि सुई शेवटच्या खाचेत फिरत होती. खर्र… खर्र… मी दुसरी घासत होतो.

"हळू."

मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं. आतल्या दाराशी जाऊन विचारलं, "ताई, काही म्हणालात का?"

"नाही हो काका. मी तासभर म्यूटवर आहे."

परत येऊन बसलो. भास म्हणून सोडून दिलं. पुन्हा ब्रश चालवला.

"उलटा फिरवतोयस…"

आवाज त्या खरखरीतूनच येत होता. थोडा नाकातला, थोडा वैतागलेला. आणि गंमत म्हणजे, मी खरंच उलटा फिरवत होतो! हातावरचे केस उभे राहिले होते, तरी मी ब्रशची दिशा बदलली. पस्तीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली काढल्यावर माणसाला एक कळतं. सांगणारा दिसो न दिसो, सूचना बरोबर असेल तर ऐकावी.

"बरं," मी हळूच म्हणालो. आणि उत्तर येईल या भीतीनं उठलो आणि प्लेअरची पिन भिंतीतून काढून ठेवली. खरखर बंद झाली. बरं वाटलं.

मग ती तबकडी हाताला लागली. कव्हर साधं खाकी, वर लेबल नाही, आत चिठ्ठी नाही. बुरशी मात्र इतकी दाट की खाचा दिसेनात. अशा बुरशीला साबण पुरत नाही. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला, पिळला आणि तबकडीवर टेकवणार…

"स्पिरिट नको…"

पिन काढलेली होती. स्पीकर मुका होता. तरी आवाज तिथूनच आला, आणि आता त्यात वैताग नव्हता. त्यात गयावया होती.

"जाईल ती… जाईल रे…"

त्याच क्षणी कुणीतरी दोन बोटं मनगटावर ठेवावीत तसं गार लागलं. बोळा खाली पडला. मग तबकडी उजेडात धरली. कडेला पापुद्रा उडाला होता आणि खालून पांढरा पत्रा चमकत होता. ती नेहमीची रेकॉर्ड नव्हतीच. पत्र्यावर लाखेसारखा लेप देऊन त्यावर थेट आवाज कोरायचे, तसली होती. अशी तबकडी एकच असते, तिची दुसरी प्रत नसते. स्पिरिट लागलं असतं तर लेप विरघळून सगळा आवाज कापसावर आला असता.

मी ताईंना हाक मारली. त्या हेडफोन गळ्यात अडकवून बाहेर आल्या. घडलं ते सगळं सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं. त्या खुर्चीवर बसल्या.

"आवाज कसा होता?"

"नाकातला. आणि… मला एकदम 'अरे-तुरे'."

"मग आप्पाच," त्या म्हणाल्या, आणि एकदम रडायला लागल्या. "काका, मी दीड वर्षांची असताना आई गेली. तिचा आवाज मी कधी ऐकलाच नाही. आप्पा म्हणायचे, एका ओळखीच्या स्टुडिओत तिचा आवाज काढून घेतलाय. पण कुठल्या कव्हरात ठेवलाय, ते शेवटी शेवटी त्यांनाच आठवेना."

नुसत्या पाण्यानं, कापसाच्या टोकानं, बोटभर बोटभर करत ती तबकडी साफ करायला दीड तास गेला. ताई दिवा धरून उभ्या होत्या. मीटिंगमधून त्यांचं नाव कोणीतरी पुकारत होतं, त्यांनी लॅपटॉप मिटून टाकला. अशा तबकडीचा लेप दर वाजवण्याला झिजतो, म्हणून पिन परत लावली, आवाज उतरवून घ्यायला माझा लॅपटॉप जोडला आणि एकदाच सुई ठेवली.

आधी नुसती सळसळ. मग एक तरुण बाई खळखळून हसली.

"अहो, काय बोलू पण? समोर कुणी नाहीये!"

"प्रियू आहे असं समज," लांबून तरुण आप्पा म्हणाले. "आणि माइकला चावू नकोस."

"प्रिये, ऐकतेस का गं? तुझे बाबा मला कसे बोलतात बघ. मोठी झालीस की माझ्या बाजूनं भांड हं!"

ताईंनी तोंडावर हात धरला होता. डोळ्यांतून पाणी आणि बोटांमधून हसू. "भांडले गं," त्या स्पीकरला म्हणाल्या. "रोज भांडले!"

तीन मिनिटांत तबकडी संपली. आवाजाची फाइल ताईंना दिली, एक माझ्याकडे ठेवली. त्यानंतर आम्ही दोघांनी बटाट्याची भजी खाल्ली आणि मला वाटतं आप्पांवर तासभर हसलो. आवाज पुन्हा आला नाही. पुढच्या आठवड्यात सगळ्या रेकॉर्डी वाघोलीला गेल्या, कोरड्या कपाटात, उभ्या. ताईंनी दार बंद केलं आणि म्हणाल्या, "झालं. आवरलं एकदाचं."

गोष्ट इथं संपती तर मी ती लग्नाकार्यातही सांगितली असती.

महिन्याभरानं ताईंचा फोन आला. आवाज खाली आलेला. "काका, तुमच्याकडची आईची फाइल ऐका. हेडफोन लावून. बोलणं संपल्यावर बंद करू नका."

मी ऐकली. बोलणं संपलं, सळसळ सुरू राहिली. आणि त्या सळसळीत, फार जवळून, तीच बाई कुजबुजली, "अहो… हात हलका आहे हो त्यांचा. नाव काय म्हणालात?"

"वैजनाथ."

"बोलवून घ्या ना इकडे. इथल्या कितीतरी धुवायच्या राहिल्यात…"

आप्पा प्रेमानं म्हणाले, "बोलावू. तिकडचं त्याचं सगळं आवरलं, की लगेच."

हसू नका. तेव्हापासून मी काम पूर्ण आवरतच नाही. कुणाकडूनही खोकं आलं की त्यातली एक रेकॉर्ड न धुता बाजूला ठेवतो. लोक विचारतात, मी म्हणतो, राहू द्या, पुढच्या वेळी. मजेत चाललंय माझं.

फक्त आज सकाळची गोष्ट सांगायची होती. सध्या माझ्याकडे अशी न धुतलेली एकच उरलीय, काल रात्री मी ती धुळीसकट कपाटात कुलपात ठेवली होती. सकाळी कुलूप काढलं. रेकॉर्ड स्वच्छ होती, आणि तिच्या कडेवरून अजून पाणी ठिबकत होतं.