निम्मं पाणी

गावाचा पंप सुरू झाला, पण तो सुरू करून देणारा परत आला नाही. त्याला शोधायला तिघंजण मिठाच्या वाळवंटात निघाली होती.

वाळवंटापलीकडच्या वीजघरातून येणारी तांब्याची तार कुणीतरी कापली होती. पंप बंद पडला, नळ कोरडे झाले आणि ज्याला सगळं गाव धाकटा म्हणायचं तो पोरगा अवजारांची पिशवी खांद्यावर टाकून एकटाच तार जोडायला गेला. लाइनमनच होता तो, कामच त्याचं. पंपघरातला माणूस रोज सकाळी स्विच टाकून बघायचा. एके सकाळी मोटार घरघरली! सगळं गाव बादल्या घेऊन धावलं. त्याची आई तेवढी उलट्या दिशेला, वेशीवर जाऊन उभी राहिली. ती रोज उभी राहू लागली. वाळवंटातून कुणी आलं नाही.

शेवटी धाकट्याची मोठी बहीण उठली. ती कारखान्यात ताडपत्र्या शिवायची आणि सगळे तिला ताईच म्हणायचे. सोबत लाइनमन लोकांचा मुकादम आला, ज्याचं तोंड झोपेतही बंद नसायचं, आणि हातगाडी ओढायला एक हमाल. हमाल काडीसारखा बारीक होता, म्हणून त्याला पैलवान म्हणत.

निघताना आई ताईला म्हणाली, "जिवंत असेल तर जिवंत आण. नाहीतर आहे तसा आण. पण माझा पोरगा मला घरात पाहिजे."

"आणते," ताई म्हणाली. गाडीवर पाण्याच्या कॅनखाली तिने स्वतः शिवलेली ताडपत्रीची एक लांब पिशवी ठेवली. मुकादमाने ती पाहिली आणि काही विचारलं नाही. त्याच्या बाबतीत हे नवलच होतं.

वाळवंट दिसायला टणक होतं. वर पांढरं कवच, खाली काळा चिखल. ट्रक सोडाच, भरलेली बैलगाडीही इथे गिळली गेली असती. रुंद टायरच्या हातगाडीवर पाणी आणि एक माणूस, एवढंच वजन ते कवच पेलायचं. त्याहून किलोभरही जास्त चढवायची सोय नव्हती.

उन्हाने डोळे फुटायची वेळ आली. ओठांवर मीठ, पापण्यांवर मीठ, थुंकीतही मीठ. दुपार कलली तेव्हा लाल पट्टा मारलेला पहिला खांब आला. मुकादमाने बुंध्याशी उकरून एक कॅन बाहेर काढला. लाइनमन लोकांनी अशा काही खांबांखाली पाणी पुरून ठेवलेलं असे. वाट चुकलेला असो, परका असो, कुणीही प्यावं. नियम एकच, निम्मं प्यायचं आणि निम्मं पुढच्यासाठी ठेवायचं.

कॅन बरोबर निम्मा होता.

"आपलाच माणूस पिऊन गेलाय!" मुकादम खूश झाला. "बूच बघ कसं घट्ट लावलंय. पोरगा शिस्तीचा हो!" ताईला रडू आलं, पण पाणी वाया घालवायचे ते दिवस नव्हते. तिघांनी त्या कॅनला हात न लावता तो परत पुरला. गाडीवर स्वतःचं पाणी होतं, हे परतताना लागलं असतं.

दुसऱ्या लाल खांबाखालचा कॅनही निम्माच निघाला. ताईच्या पायांत बळ आलं. पाणी राखत चाललेला माणूस असा मरतो कुठे?

तिसरा खांब लांबून दिसला आणि पैलवान ओरडला, "ताई! तिथे कापड हलतंय!"

खांबाला बांधून एक निळा सदरा सावलीसाठी ताणलेला होता. धाकट्याचा सदरा! त्याखाली कुणीतरी हात वर केला.

"जिवंत आहे!" ताई धावत सुटली.

"ताई, थांब! बाजूला कवच पातळ आहे!"

ती कसली थांबते! कडकन आवाज झाला. पाय गेला. मांडीपर्यंत! दुसराही गेला! काळा चिखल कमरेला लागला आणि खाली ओढू लागला. मुकादम पोटावर झोपला, पैलवानाने त्याचे पाय धरले आणि मुकादमाने ताईचं मनगट पकडलं. "हलू नकोस! आडवी हो!" एक हिसका. दुसरा. तिची चप्पल चिखलाने ठेवून घेतली आणि ती बाहेर आली. तशीच अनवाणी, रांगत ती खांबापाशी पोचली.

सदऱ्याखाली भलताच माणूस होता. ओठ फाटलेले, डोळे खोल गेलेले. त्याच्या मोडलेल्या पायाला खांबावर चढायचे लोखंडी आकडे पट्ट्याने आवळून बांधले होते. शेजारी कॅन आडवा पडला होता, ठणठणीत कोरडा. आणि सावलीच्या बाहेर, उन्हात, धाकटा कुशीवर झोपल्यासारखा पडला होता. ताईने त्याच्या गालाला हात लावला. त्याच्यात जीव उरला नव्हता. ती त्याच्याशेजारी तशीच उन्हात बसली.

पैलवानाने त्या माणसाच्या तोंडात थेंब थेंब पाणी सोडलं, तेव्हा तो बोलू लागला.

"तार मीच कापली होती. खांबावरून पडलो, पाय गेला. तो आला. मी सांगून टाकलं त्याला, मीच तो चोर म्हणून. त्याने दोन शिव्या घातल्या. मग म्हणाला, 'एकट्याला तार ताणता येत नाही, ते टोक धर.' मी धरलं. जोडून झाल्यावर मला पाठीवर घेतलं. इथपर्यंत आणलं. दर वेळी म्हणायचा, तू आधी पी." त्याने धाकट्याकडे पाहिलं. "त्याचं कुणी आहे का हो? त्यांना सांगायला पाहिजे."

पैलवानाने पाण्याचा पुढचा थेंब त्याच्या तोंडात सोडला.

मुकादम ताईला बाजूला घेऊन म्हणाला, "गाडीवर एकच जण जाईल. या हरामखोराला पाणी ठेवू, मागाहून कुणाला तरी पाठवू. तू म्हणशील तसं."

"तोवर तो जगेल?"

"कठीण आहे," मुकादम म्हणाला.

त्या माणसाला तिथेच टाकून जावं असं ताईला मनापासून वाटलं. तिने धाकट्याकडे पाहिलं. केवढा राग आला तिला त्याचा! दुसऱ्या खांबापर्यंत एकटा सहज गेला असता. आईचा विचार करायचा होता. बहिणीचा करायचा होता. पण त्याने जे ओझं इथवर आणलं, ते इथेच टाकलं तर तो मेला तो फुकटच मेला.

तिने लांब पिशवी उलगडली. धाकट्याला आत निजवलं आणि तोंडाशी स्वतःच्या हाताने टाके घातले. तिघांनी त्याला खांबाच्या बुंध्याशी, कॅन पुरायचा खड्डा मोठा करून त्यातच ठेवलं आणि वर मिठाची ढेकळं रचली.

"याला गाडीवर घ्या," ती म्हणाली.

परतीला वारा सुटला. मिठाची धूळ उठली आणि पुढचा खांब दिसेनासा झाला. चाक एका बाजूला कलंडलं, पाण्याचा कॅन घरंगळला, बूच उडालं! पैलवानाने झडप घातली, पण हाती आला तो रिकामाच. आता पाणी उरलं ते फक्त दोन खांबांखालचं.

"मला सोडा," गाडीवरचा म्हणाला. "तेवढंच पाणी वाचेल."

"गप्प पड!" ताई कडाडली. "माझ्या भावाचं सगळं पाणी तुझ्यात गेलंय."

तेव्हा त्याला ती कोण ते कळलं. त्याने तोंड झाकून घेतलं.

दुसऱ्या खांबाशी मुकादम म्हणाला, "आज नियम गेला खड्ड्यात. संपवा सगळं." चौघांनी आळीपाळीने कॅन तोंडाला लावला. तरी शेवटी तळाशी घोटभर उरलंच. कुणी उरवलं ते कुणी विचारलं नाही. मुकादमाने बूच लावून कॅन पुरला. पहिल्या खांबाशीही तसंच झालं. पुढे ताई आणि पैलवान नुसते पडत उठत चालले. मुकादमाचं तोंड पहिल्यांदाच बंद होतं.

वेशीवर आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. गाडीवर आडवा माणूस दिसताच ती धावली. "आला! माझा राजा आला!" तिने चेहऱ्यावरचं कापड दूर केलं आणि तिथेच थिजली.

"आई, तो गेला," ताई म्हणाली. "याला पाठीवर घेऊन आला आणि गेला. तार यानेच कापली होती. गाडीवर एकच जण मावत होता."

आईने तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आई खाली बसली. मग ती उठली, घरी गेली आणि एक चमचा घेऊन आली.

"एकदम दिलं तर ओकेल," तिने तांब्या आणि चमचा ताईच्या हातात दिला. "माझ्या हाताने नाही होणार गं. तू पाज त्याला."