कूळ सांगणारा आकडा

सकाळी साडेदहाला नाशिकच्या खोलजल प्रयोगशाळेतल्या भिंतीवर निवडयंत्राचा निकाल झळकला आणि सुहास धोंगडेच्या घशात चहा अडकला. आज्ञावली-भाषा परिषदेला जाणार: मैथिली वाघचौरे. सलग तिसऱ्यांदा! खाली कारणही दिलेलं होतं. 'विदाशास्त्रज्ञांना या परिषदेचा लाभ होत नाही.'

विदा म्हणजे तुमचाआमचा डेटा. जमिनीखालच्या पाण्याची विदा चाळून कुठली विहीर कधी आटेल हे सांगण्यात सुहासचा हात धरणारा कुणी नव्हता, निदान त्याच्या मते तरी. मैथिली संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिण्यासाठीच्या भाषा घडवायची. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले, वीस वर्षं एकाच टेबलावर डबा खात आले. पण यंदाची परिषद साधी नव्हती. गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाखाली समुद्र आहे. तिकडे निघणाऱ्या यानाची भाषा या परिषदेत ठरणार होती आणि त्या पाण्याचा अंदाज बांधणारी तुकडीही आलेल्यांतूनच निवडणार होते. सुहासनं सातवीत वहीच्या मागच्या पानावर युरोपाचं चित्र काढलं होतं. ते पाणी त्याच्या हक्काचं होतं.

"अभिनंदन," तो मैथिलीला म्हणाला. तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं होतं.

"तू यायला हवा होतास रे," ती म्हणाली. "खरंच सांगते."

झालं! वर दयाही दाखवतेय. सुहास तडक संचालिका नाईकनवरे मॅडमच्या दालनात शिरला.

"मॅडम, स्पष्ट बोलतो. या यंत्रात कुणीतरी हात घातलाय. दरवेळी मैथिलीच बरी निवडून येते?"

"आरोप करताय, धोंगडे?"

"शंका घेतोय. गेल्या परिषदेतून तिनं ती कुळभाषा आणलीय ना? लावा की निवडयंत्रालाच! सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष."

दुपारी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत यामिनी कोरगावकर बसली होती. सुहासच्याच विदाशाखेतली, त्याच्याहून सहा वर्षांनी धाकटी. आजवर त्या परिषदेला जाऊन आलेली विदाशास्त्रज्ञ ती एकटीच, तेही चार वर्षांपूर्वी. मैथिली उभी राहिली.

"आपल्या नेहमीच्या भाषांत सात म्हणजे नुसता सात," तिनं सांगितलं. "तो कुणी मोजला की कुणी अंदाजानं ठोकून दिला, हे एकदा साठ्यात पडल्यावर कळत नाही. कुळभाषेत आकडा आपलं कूळ पाठीवर घेऊन हिंडतो. मोजलेला की मानलेला, कुणाकडून आला, त्याच्यापासून पुढे कुठले आकडे जन्मले, सगळं. आणि मानलेल्या आकड्याला ती मोजलेल्याच्या पंगतीत बसू देत नाही."

"पण लाभाच्या गुणपत्रिका निनावी होत्या," मॅडम म्हणाल्या. परिषदेहून आलेल्यानं भाषण द्यायचं आणि विदाशाखेतल्या बारा जणांनी शून्य ते दहा गुण द्यायचे, अशी रीत होती. त्या गुणांवरूनच निवडयंत्र शिकत असे.

"नाव नसलं तरी आकडा कुठल्या मेजावरून आला याची नोंद साठ्यात पडूनच होती. कुणी विचारत नव्हतं इतकंच."

"नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात," सुहास मोठ्यानं म्हणाला. "आकड्याचं मात्र विचाराच, मॅडम!" सभागृहात हशा पिकला आणि त्याला बरं वाटलं.

भिंतीवर आधी यामिनीच्या भाषणाचे गुण आले. बाराच्या बारा जणांचा एकेकच गुण.

मग त्यातले अकरा आकडे राखाडी झाले. मानलेले! अकरा जणांनी पत्रिका भरलीच नव्हती. आळस, दुसरं काय? ती रिकामी घरं 'पूरक' नावाच्या आज्ञावलीनं शेजारचा आकडा बघून भरून टाकली होती. पूरक लिहिली होती सुहासनं, आणि त्याबद्दल त्याला शाल-श्रीफळही मिळालं होतं. खरा मोजलेला गुण उरला एकच. मेज क्रमांक चौदा.

चौदा नंबरच्या मेजावर सुहासचा डबा अजून तसाच होता.

पाठोपाठ मैथिलीच्या पहिल्या भाषणाचे गुण आले. नऊ, आणि तेही मेज चौदावरून. 'भाषावाली बाई, हिच्याशी आपली कसली स्पर्धा' म्हणून त्यानं तेव्हा उदार मनानं दिलेले. पूरकनं त्या एका नवाचेही बारा नऊ करून ठेवले होते. यंत्र बिचारं, जे खाऊ घातलं ते शिकलं. मैथिलीला दरवर्षी विमानात बसवणारा माणूस दुसरा कुणी नव्हता.

सुहासला यामिनीचं ते भाषण शब्दन् शब्द आठवत होतं. "रिकामं घर म्हणजे शून्य नव्हे, आणि शेजाऱ्याचा आकडा तर नव्हेच," ती म्हणाली होती. "आपण दिवसभर विदा चाळतो, पण आपली भाषा आपल्याला काय विसरायला लावते, हे मला भाषावाल्यांत बसल्यावर कळलं." दुसऱ्याच मिनिटाला सुहासच्या लक्षात आलं होतं की पोरीचं बरोबर आहे आणि पूरक चूक आहे. तो जळून खाक झाला होता. भाषण दहाचं होतं. त्यानं एक दिला.

"सर," यामिनी मागे न वळता म्हणाली, "चार वर्षं मी समजत होते, मलाच बोलता येत नाही."

मॅडमनी हात वर केला. "मानलेले आकडे बाद. उरला तुमचा एक गुण, धोंगडे. तो खरा असेल तर मैथिली जाईल. खोटा असेल तर दुरुस्त करा. नावानिशी, कारणासकट. मग यंत्र देईल ते मान्य."

सुहासनं मनातल्या मनात गणित मांडलं. कबूल केलं तर विदाशाखेचं दार उघडणार. आणि शाखेत सगळ्यांत ज्येष्ठ कोण? आपणच! नाक कापलं जाईल, पण युरोपा मिळेल. तो उठला.

"दहा," तो म्हणाला. "मी जळत होतो, म्हणून एक दिला."

यंत्र पुन्हा फिरलं. निवड: यामिनी कोरगावकर. मोजलेला लाभ, दहा.

"आणि मी?"

मैथिलीनं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. सुहास धोंगडे: मोजलेलं नाही.

"अगं, पण माझा अनुभव, माझी ज्येष्ठता... त्यावरून घर भरता येतंच की!"

"पूरकनं भरलं असतं," मैथिली हळूच म्हणाली. "इथे रिकामं ते रिकामं. मी तुला सकाळीच म्हटलं ना, तू यायला हवा होतास. एकदा आला असतास तर तुझाही मोजलेला आकडा असता."

आठ महिन्यांनी परिषद झाली आणि यामिनी परतली ती युरोपाच्या तुकडीत निवड होऊनच. बर्फाखालच्या पाण्यावर ती तासभर बोलली. सुहासनं चूक शोधायचा जिवापाड प्रयत्न केला, एक सापडेल तर शपथ! शेवटी मेज चौदावर गुणपत्रिका उघडली. आता वर नाव होतं आणि खाली कारणाचा रकाना. त्यानं आठ लिहिलं. कुळभाषेनं ते टिपलं. त्यानं ते खोडलं. खोडलेलंही टिपलं गेलं.

मग एक सुस्कारा टाकून त्यानं लिहिलं, 'लाभ: दहा.' आणि कारणाच्या रकान्यात, 'माझा जळफळाट: तोही दहा. दोन्ही मोजलेले.'