रोहिणीच्या आयडीवरून गेलेले मेल

हे खरं घडलं आहे. ज्याला पटणार नाही त्याने इथेच थांबावं. मी कोणाच्या हातापाया पडणार नाही.

मागच्या वर्षी, दिवाळीच्या आधीचा सोमवार. दिवेलागणीची वेळ. आमचं घर कोरीटला, नंदुरबार तालुक्यात. ओट्यावर कापसाचा ढीग आणि घरात मी एकटी.

आधी रोहिणीबद्दल सांगते. ती माझी नणंद. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. एक दिवस तिला मेल आला... ‘मुलाचा फोटो’.

पाठवणारा कोण, आम्हाला माहीत नव्हतं. फोन करून विचारायला हवं होतं. पण मुलाकडच्यांची उलटतपासणी केली की स्थळ हातचं जातं, असं आमच्याकडे सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. कोणी विचारलं नाही.

तिने लॅपटॉपवर फोटो उघडला.

फोटो दिसलाच नाही. एक काळी चौकट चमकली आणि गेली.

नंतर कळलं, फाईलच्या नावात जेपीजी लिहिलेलं असलं तरी पुढे अजून एक शेपूट होतं. तो फोटो नव्हताच. त्या वाटेने आत शिरून त्या माणसाने तिचे सगळे फोटो ओढून नेले. चेहरा तिचा ठेवला, खाली घाण जोडली आणि साऱ्या नातेवाइकांना मेलने पाठवली.

ती त्याला विनवण्या करत होती. तो हसरी तोंडं पाठवायचा.

श्रावणात आम्ही तिला तापीतून बाहेर काढलं.

त्या मेलवाल्याचं नाव-गाव खोटं निघालं. मला भाकरी थापतानाही हाताखाली त्याचा गळा दिसायचा. बाईमाणसाने असं बोलू नये म्हणतात. मी बोलते.

तर तो सोमवार.

रोहिणीच्या बंद ठेवलेल्या लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला...

मी झाकण उघडलं. समोर रोहिणीचं मेलचं खातं उघडलेलं. ‘पाठवलेले’मध्ये एक नवीन मेल होता, आत्ताच गेलेला.

त्याच माणसाला.

विषय... ‘मुलीचा फोटो’.

सोबत एक चित्र होतं. मी त्यावर बाण नेला...

“उघाडू नको!”

दारात सासूबाई उभ्या होत्या, शेतातून आलेल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“ते तुन्हासाठी नई शे,” त्या म्हणाल्या.

मी हात मागे घेतला. त्यानंतर रोज दिवेलागणीला एक मेल जायला लागला. लाईट नसली तरी. बॅटरी काढून ठेवली तरी.

मग एका दुपारी एक माणूस ओट्याशी आला. तिशीचा असेल. डोळ्यांवर रुमाल घट्ट बांधलेला. चाचपडत तो कापसाच्या ढिगावर आपटला.

“रोहिणीचं घर हेच का?”

मी सासूबाईंना हाक मारली.

“मी एकच फोटो उघडला,” तो म्हणाला. “तो बंदच होत नाही. मोबाईल फोडला, तरी दिसतो. डोळे मिटले की अजून मोठा होतो... ती काही करत नाही. नुसती बघते. तुमच्याकडून डिलीट करा. हात जोडतो.”

सासूबाई उंबऱ्यातून हलल्या नाहीत.

“मन्ही पोर बी तुले असाच हात जोडे,” त्या म्हणाल्या. “तू ऐकं का तिनं?”

त्यांनी दार लावलं.

तो ठेचकाळत नदीच्या रस्त्याने गेला. पुढे कोणाला दिसला नाही. मला दया आली नाही, उलट छाती हलकी झाली. मी लॅपटॉपसमोर बसले आणि मोठ्याने म्हणाले, “रोहिणी, ज्याने ज्याने ते पाहिलं, त्यातल्या एकालाही सोडू नको.”

दुसऱ्या दिवशी दिवे लागले. पंखा घरघरला...

मेल गेला होता. पण नाव वेगळं होतं.

अमृत.

माझा नवरा. तिचा सख्खा भाऊ.

तेव्हा तो घाणेरडा मेल त्यांनाही आला होता. न उघडता काढून टाकला, असं त्यांनी आईच्या पायाची शपथ घेऊन सांगितलं होतं.

मी विचारलं, “तुम्ही पाहिलं होतं?”

त्यांनी मान खाली घातली.

आता त्यांच्या मोबाईलवर मेलमधली चित्रं आपोआप दिसणं मी बंद केलं आहे. तिथे फक्त रिकामी चौकट येते. उघडायची की नाही, ते त्यांच्या बोटावर आहे. आणि विषय रोज तोच... ‘दादा, माझा फोटो’.

तिच्या जाण्यानंतर सासूबाईंनी घरातले तिचे सगळे फोटो चुलीत घातले होते. भिंतीवर लावायलाही एक उरला नाही.

काल जेवण टाकून ते मोबाईल घेऊन बसले. डोळे भरलेले.

“भाविका, एकदाव देखू दे ना वं,” ते म्हणाले. “मन्ही बहीन शे ती.”

मी मोबाईल हिसकावून घेतला. त्यांनी तो परत मागितला नाही, पण ते माझ्या हाताकडेच बघत राहिले.