मेलेला मासा पाण्यासकट आणावा

भागीरथाबाईंनी शटर अर्धं वर केलं, तेव्हाच पायरीवर बसलेली मुलगी उठून उभी राहिली. तिच्या एका हातात पिशवी होती, पिशवीत मेलेला मासा. दुसऱ्या हातात पाण्याची बाटली.

"मावशी, हा पण मेला," ती म्हणाली. "आज चार वाजता मले माहेरी पोचवून राहिले. कायमची."

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत भागीरथाबाईंचं हे रंगीत माशांचं दुकान वीस वर्षांपासून होतं. काउंटरमागे पाटी होती : 'घेतलेला मासा तीन दिवसांत मेल्यास बदलून मिळेल. पैसे परत मिळणार नाहीत. मेलेला मासा टाकीतल्या पाण्यासकट आणावा. पाणी दुसरीकडचं निघाल्यास मासा मिळणार नाही.' गिऱ्हाइकं पाटी वाचत नाहीत. भांडायला आली की मग वाचतात.

मुलगी होती प्राजक्ता. हिवरखेडच्या शालिकरामांची, फुलं पिकवणाऱ्या माळ्याची लेक. पार्बताबाईंच्या घरात सून म्हणून येऊन तिला तीन महिने झाले होते. पार्बताबाईंच्या डोक्यात कुणीतरी भरवलं होतं की लाल फ्लॉवरहॉर्न मासा घराची भरभराट करतो, आणि तो मेला तर घरात नव्यानं आलेल्या माणसाचे पाय पांढरे. नव्यानं आलेलं माणूस घरात एकच होतं. आणि हा चौथा मासा होता.

खरं सांगायचं तर तिसऱ्या वेळी भागीरथाबाईंच्या मनातही तेच येऊन गेलं होतं. फ्लॉवरहॉर्न हा दणकट मासा. गढूळ पाण्यात जगतो, उपाशी जगतो. तो असा पटापट मरत नाही. आपल्याला असं वाटलं याची त्यांना आता लाज वाटली, आणि लाज वाटली की त्या जास्तच खेकसून बोलत.

"तू काहून आली? आधीचे तिन्ही तर तुहा नवरा घेऊन आला होता."

"हे माह्या बाबाले आणायले स्टेशनवर गेले. सासूबाई म्हणाल्या, तूच ने. आपल्या हातानं मारलेलं आपल्याच हातानं दाखव."

"मेला कवा?"

"सकाळी मी दाणे टाकले. हे म्हणाले होते, आईसमोर तूच टाकत जा, म्हणजे तिचा राग निवळन. दाणे टाकले अन् थोड्या वेळात तडफडाय लागला. काचेवर डोकं आपटून राहिला होता, मावशी."

"टाकीपाशी पयले कोण जाते?"

"सासूबाई. पाचले उठून तिथीच जप करत बसते."

"टाकीत पाणी कोणतं?"

"बोरचं. आमच्या घरी दुसरं पाणीच नाई. पितो पण तेच."

"फिल्टर? जार?"

"कायचा जार? सासूबाई म्हणते, फुकटचं पाणी सोडून विकतचं कोण पिईन."

"टाकी धुते कोण?"

प्राजक्ताचा चेहरा पहिल्यांदा थोडा उजळला. "हेच. मासा मेला की पुरी टाकी रिकामी करते, मिठानं घासते, चारदा पाणी बदलते. मले हात लावू देत नाई. त्या घरात तेवढं एकच माणूस माह्या बाजूचं आहे."

भागीरथाबाई मागे वळल्या. मागच्या फळीवर जुन्या तीन बाटल्या होत्या. मासे पुरवणाऱ्या व्यापाऱ्याशी हिशोब मिटेपर्यंत मेलेल्या माशाचं पाणी त्या फेकत नसत. प्रत्येक बाटलीला चिठ्ठी बांधलेली. पाणी स्वच्छ, वास नाही, मृत्यूचं कारण अज्ञात. चौथ्या बाटलीचं झाकण काढून त्यांनी नाकाशी नेलं. गोडसर, तेलकट वास आला.

"घरात मच्छरासाठी काय लावता?"

"मशीन आहे, बाटलीवाली. आमच्या खोलीत. बाटली आठवड्यातच संपते, म्हणून सासूबाई मलेच बोलते."

पाणी किती जड आहे हे मोजायची कांडी त्यांनी चौथ्या बाटलीत बुडवली. आकडा आला नऊशे चाळीस. मग जुन्या बाटल्या. बासष्ट. अठ्ठावन्न. एकसष्ट.

मग त्यांनी चिठ्ठ्यांच्या नकलांचं पुस्तक उघडलं. तिसऱ्या चिठ्ठीच्या नकलेखाली त्याच दिवशीची, त्याच गिऱ्हाइकाची आणखी एक चिठ्ठी होती : निळा फायटर, काचेचं भांडं, जास्तीचा ऑक्सिजन, अकोला.

"तुमच्या घरी निळा फायटर मासा आहे का व?"

"नाई. काहून?"

"काई नाई. तू घरी जाय. मी साडेतीनले येतो. अन् ऐक, टाकीले कोणाचा हात लागू देऊ नको. म्हणा, दुकानवाली स्वतः पाहणार आहे."

साडेतीनला पार्बताबाईंची बैठकीची खोली भरलेली होती. सुनेला घालवायचं तर चारचौघांसमोर घालवावं, या हिशोबानं त्यांनी आपले भाऊ उत्तमराव आणि नात्यातले तिघे बोलावले होते. शालिकराम दाराशी सतरंजीच्या टोकावर बसले होते. लेकीचे कपडे न्यायला त्यांनी रिकामी थैली आणली होती, ती त्यांनी मांडीवर घट्ट धरली होती. नितेश, नवरा, टाकीशेजारी उभा होता. गोरा, मऊ बोलणारा, अमरावतीला विम्याच्या ऑफिसात नोकरीला. डोळे मात्र रडवेले केलेले.

भागीरथाबाई दोन पिशव्या घेऊन आत आल्या. एकीत लाल फ्लॉवरहॉर्न, दुसरीत बोटाएवढा गप्पी मासा. खांद्यावरच्या झोळीत चार बाटल्या.

"नियमानं मासा बदलून द्यायले आलो," त्या म्हणाल्या. "सोडू टाकीत?"

"सोडा ना," पार्बताबाई म्हणाल्या. "आता ही जाणारच आहे. हा जगन."

भागीरथाबाईंनी पिशवीचं रबर काढायला घेतलं, तोच नितेश पुढे झाला.

"मावशी, थांबा! टाकी धुतली नाई अजून."

"परवाच तर धुतली ना? पाणी तं आरशासारखं दिसून राहिलं."

"तरी... मेलेल्या माशाचं पाणी आहे."

"बरं. मग याले सोडतो," असं म्हणत त्यांनी गप्पी टाकीत ओतला.

गप्पी दोनदा काचेभोवती फिरला. मग तो एका जागी थरथरू लागला. पाण्याबाहेर उडाला, पुन्हा पडला, काचेवर आपटला, उताणा झाला, पुन्हा सरळ झाला. सात-आठ मिनिटं हे चाललं. प्राजक्तानं तोंड फिरवलं. पार्बताबाई मात्र डोळे फाडून पाहत होत्या. शेवटी गप्पी तळाशी गेला आणि हलायचा थांबला.

"याले तं हिनं दाणे टाकले नव्हते," भागीरथाबाई म्हणाल्या. "हिची सावलीही पडली नाई त्याच्यावर. पाण्यात जहर आहे. मच्छरांच्या बाटलीतलं. माणसाले त्याचं काई वाटत नाई, माशाले दोन थेंब पुरतात."

"मी नाई टाकलं," पार्बताबाई एकदम म्हणाल्या. "मी तिथं जप करतो."

"तुमी नाई टाकलं. टाकलं असतं तं नितेशनं माह्यापाशी खरं पाणी आणलं असतं." त्या नितेशकडे वळल्या. "तीन वेळा तू बाटली घेऊन आला. कोणी भरली?"

"मीच."

"कोठून?"

"टाकीतूनच. तुमचा नियम आहे ना."

"तिन्ही वेळा? दुसऱ्या कोणी भरून दिली असं तं नाई?"

"नाई ना, मावशी. मी माह्या हातानं भरली."

भागीरथाबाईंनी चारही बाटल्या टाकीच्या कडेला मांडल्या आणि कांडी उत्तमरावांच्या हातात दिली. "मामा, तुमीच मोजा. मोठ्यानं वाचा."

उत्तमरावांनी चष्मा सारखा केला. "टाकी... नऊशे चाळीस. ही पोरीची बाटली... नऊशे चाळीस. ही नितेशची... बासष्ट." ते थांबले. "अठ्ठावन्न. एकसष्ट."

"तुमच्या बोरचं पाणी नऊशेच्या खाली येत नाई," भागीरथाबाई म्हणाल्या. "साठचं पाणी जारचं असते. या घरात जार नाई. याच्या ऑफिसात असन. तुमचा जप उरकला की हा माशाच्या टाकीत जहर टाके, येता येता ऑफिसातल्या जारातून बाटली भरे अन् मले देये. मी पाणी पाहो, पाणी चांगलं, मासा मेला कशानं कोणाले समजे ना. मग हा टाकी घासून पुसून साफ करे, नाही तर माहा नवा मासा त्याच दिवशी मेला असता अन् मीच इथी आलो असतो. दाणे हिच्या हातानं टाकायले लावे, म्हणजे मासा मेला की दोष हिचाच."

त्यांचा आवाज आता चढला होता. "अन् मी काय केलं? दर वेळी त्याले नवा मासा दिला. मारायले फुकट."

"आज काहून पकडल्या गेलं मग?" उत्तमरावांनी विचारलं.

"तुमच्या बहिणीच्या कृपेनं. पोरीचं नाक कापायले तिनं मेलेला मासा तिच्याच हातात देऊन दुकानात पाठवलं. हा स्टेशनवर होता. पोरीनं पाटीवर लिहिलं ते केलं. टाकीतून बाटली भरली."

"काहून केलं बे?" उत्तमराव नितेशला म्हणाले.

पुढचं बोलावं की नाही, असं भागीरथाबाईंच्या मनात आलं. पण अर्धं सांगितलं तर अर्ध्याचं खापर पुन्हा या पोरीच्याच डोक्यावर फुटलं असतं.

"तिसरा मासा बदलायले आला त्या दिवशी यानं एक निळा फायटर घेतला. अकोल्याले न्यायचा म्हणे. वाटेत मरणार तर नाई ना, पाणी कोणतं घालू, दाणे किती टाकू, धा सवाल विचारले मले. कोणासाठी म्हणून विचारलं तं म्हणे, रागिणीले निळा आवडते." त्या नितेशजवळ गेल्या. "तो जिवंत आहे ना?"

"आहे," नितेश पुटपुटला. मग त्याला आपण काय बोललो ते कळलं.

प्राजक्ता भिंतीला टेकली. "घरात माह्या बाजूचं एकच माणूस," असं ती सकाळी म्हणाली होती. ते आठवून भागीरथाबाईंना तिच्याकडे बघवेना.

"तुमाले नको होतो तं लग्नाच्या आधी बोलाचं होतं," प्राजक्ता म्हणाली.

"आईसमोर बोलता आलं नाई," नितेश म्हणाला. "तूच अपशकुनी निघाली तर मले काईच बोलावं लागलं नसतं. आईनंच पाठवलं असतं तुले. कोणाचं वाईट झालं नसतं."

आता सगळे पार्बताबाईंकडे पाहू लागले. त्यांचं तोंड बारीक झालं होतं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्या सुनेकडे नीट पाहत होत्या. त्या काय म्हणतील म्हणून शालिकराम अर्धवट उठले.

"तीन महिन्यांत नवरा अकोल्याले पळाला," पार्बताबाई म्हणाल्या. "पाय चांगले असते तं पळाला असता का?"

उत्तमरावांनी कांडी खाली ठेवली. उरलेल्या तिघांतला एक चपला शोधू लागला.

"मामा," प्राजक्ता म्हणाली, "मले काढायले तुमी चौघं आले होते. आता हेच चौघं हिवरखेडले या अन् सांगा, मासे कोणी मारले ते."

"पाहू," उत्तमराव म्हणाले. "कामाचे दिवस आहेत, बाई." आणि तेही चपलांकडे गेले.

"तो लाल मासा तं ठेवून जा," पार्बताबाई भागीरथाबाईंना म्हणाल्या. "तुमचा नियम आहे."

"पाणी दुसरीकडचं निघाल्यास मासा मिळणार नाही. हाही नियमच आहे. वाचून घेत जा."

प्राजक्तानं वडिलांच्या हातातली थैली घेतली, आत गेली, पाच मिनिटांत भरून आली. मग ती भागीरथाबाईंसमोर उभी राहिली.

"मावशी, त्या चिठ्ठ्या मले द्या."

"कोणत्या?"

"मेलेल्या माशांच्या. गावात विचारतीन. हे कोणी येणार नाई सांगायले."

भागीरथाबाई टाकीशेजारी खाली बसल्या. बाटल्यांच्या तीन चिठ्ठ्या सोडून घेतल्या, झोळीतल्या पुस्तकातून चौथी नवी फाडली. तिन्हींवरचं 'अज्ञात' खोडलं. चारही चिठ्ठ्यांवर मृत्यूच्या कारणापुढे त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं : विष. टाकणारा, नितेश महादेवराव, नवरा. झोळीतून दुकानाचा शिक्का काढला आणि चारदा उमटवला.

प्राजक्तानं शाई वाळेपर्यंत चिठ्ठ्यांवर फुंकर घातली. मग त्या घडी करून तिनं थैलीत, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवल्या आणि वडिलांच्या मागोमाग पायऱ्या उतरून गेली.